टाकीखालची पोती

१२ ऑक्टोबर

प्लॉटवर गेलो होतो. नेच्याची दुसरी कापणी. गेल्या वर्षी लावलेली रोपं आता एकमेकांत गुंतली आहेत. हौदाच्या कडेला सगळ्यात जोमदार. विषही तिथेच सगळ्यात जास्त, त्यामुळे आनंद धड होईना.

अविला हातमोजे घालायचा कंटाळा. मी ओरडले, तेव्हा घातले. वडिलांच्याच जागेत मोजे घालायचे, त्याला ते अपमानास्पद वाटतं बहुतेक.

इथे लिहून ठेवते, कारण घरात यातलं काही बोलायचं नाही असं ठरलंय. खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या या जागेत आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, लाकडाची शेड होती. वाळवी लागू नये, पाण्यात कुजू नये म्हणून फळ्या औषधात बुडवायच्या. कारखान्यांच्या कूलिंग टॉवरना ते लाकूड जायचं. नव्वदनंतर फायबरचे टॉवर आले आणि शेड बंद पडली. पत्रे गेले, हौद राहिला. औषधात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक. आप्पांच्या भाषेत सोमल. हौद गळतो हे सगळ्यांना माहीत होतं, कुठे मुरतंय ते कुणी विचारलं नाही.

आता आमच्या लेकीला, मुक्ताला, तिथे घर बांधायचंय. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन. आप्पांनी जागा नातीच्या नावावर करायचं कबूल करून टाकलंय, त्या दिवसापासून त्यांची चालच बदलली. माती मी तपासून घेतली ती त्यानंतर. आधी घ्यायला हवी होती.

अवि म्हणतो, आप्पांना सांगायचं नाही. त्यांनी आयुष्यात उभी केलेली ती एकच गोष्ट. नेचा लाव, माती साफ होते का बघ, नाही झाली तर मुक्ताला दुसरं काही कारण सांगू. मुक्तालाही एवढ्यात नको, ती आजोबांजवळ बोलून जाईल.

मी हो म्हणाले.

१६ ऑक्टोबर

कापलेला पाला वाळवायला कॉलेजात जागा नाही. आमची वाळवणाची खोली नव्या कॉम्प्युटर कोर्सला दिली. हेड म्हणाले, "मॅडम, तिकडे प्रवेशाला रांग लागते, तुमच्याकडे कोण येतं?" खरं आहे. बॉटनीला यंदा मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

पोती घरी आणली. आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली, कोरडी जागा आहे तिथे ठेवली. वर नुसते नमुन्यांचे नंबर.

आप्पांनी विचारलं, काय आहे गं? म्हटलं, कॉलेजचं काम. नेचा.

"वाळलाय छान," म्हणाले, आणि पिंपांकडे वळले. गच्ची त्यांचीच आहे म्हणायची. अर्धी कापलेली पिंपं, खाली उसाची चिपाडं, वर पालापाचोळा, त्यात भाज्या. सकाळी फिरायला जातात ते रस्त्यावरच्या पानांची पिशवी भरून येतात. झाडूवाल्या बायका त्यांच्यासाठी ढीग वेगळा काढून ठेवतात. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, दुसरं कसलं व्यसन नाही.

९ नोव्हेंबर

दिवाळी उरकली. आज प्रयोगशाळेतून वैशालीचा फोन. ती माझी विद्यार्थिनी, आता तिकडे मशीनवर असते. नेच्याच्या पानांत आर्सेनिक भरपूर. मातीत आहे त्याच्या कितीतरी पट.

"मॅडम, काम करतोय तुमचा नेचा," म्हणाली.

वर्गात मी हे किती कौतुकाने सांगते! नेचा सोमलाला स्फुरद समजून आत घेतो, मुळांत न अडवता पानांत चढवतो, तिथे कोंडून ठेवतो. दुसरं झाड मेलं असतं, हा हिरवागार. क्रोमियमला मात्र मुळांतच थांबवतो, वर येऊ देत नाही. आणि त्याचा चेहरा काही सांगत नाही. फारच झालं तर पानांची टोकं करपतात, तेवढंच.

मातीचं विचारलं. माती जवळपास होती तशीच. वर्षाला थोडंथोडं कमी होईल म्हणे. किती वर्षं, ते तिलाही सांगता येईना.

संध्याकाळी मुक्ताचा फोन. स्वयंपाकघर पूर्वेला घ्यायचं का, आणि हौद बुजवून तिथे ईरासाठी वाळूचा खड्डा करायचा का? ईरा, तिची मुलगी, दोन वर्षांची. समोर दिसेल ते तोंडात घालते.

मी म्हटलं, बघू. फोन ठेवल्यावर अविवर विनाकारण चिडले. विनाकारण नव्हे.

२८ नोव्हेंबर

आप्पांनी कधी नव्हे ते क्रीम मागितलं. तळवे फुटलेत. लावून देते म्हटलं. त्यांचे तळहात मी वीस-पंचवीस वर्षं पाहते आहे, नमस्कार केला की डोक्यावर खरखरीत लागतात. आज पहिल्यांदा नीट बघितले. बारीक कठीण दाणे, तांदळाच्या कणीसारखे. सगळ्या तळव्यांवर.

"लाकूडकामाची कुरुपं," म्हणाले. "आंघोळीला वज्रीने घासतो."

शेड बंद पडून इतकी वर्षं झाली. कुरुपं एवढी टिकतात?

सोमल अंगात भिनलेल्याच्या तळव्यांचा पुस्तकात फोटो आहे. कॉलेजात जाऊन काढून बघितला, परत कपाटात ठेवला. अविला अजून सांगितलं नाही. दोन हात भरून पुरावा रोज आमच्याच शेजारी जेवत होता आणि मी मातीचे नमुने पुड्यांत भरत बसले.

१३ जानेवारी

भोगी. यंदा भोगीची भाजी गच्चीवरचीच. आप्पांचा घेवडा, वांगी, पावटा, शिवाय मेथी आणि अळू. वांगी अशी तुकतुकीत की बाजारात मिळणार नाहीत. सगळ्या बिल्डिंगला वाटली. खालच्या मजल्यावरच्या देववहिनी वर येऊन सांगून गेल्या, त्यांच्या सासूबाईंना दात नाहीत तरी दोनदा मागून घेतली.

आप्पा म्हणाले, या वर्षी खत जमलं.

मुक्ता, जावई, ईरा जेवायला होते. ईराने अळूचं फतफतं बोटांनी चाटून संपवलं. आप्पा तिच्याकडे बघत बसले, स्वतः जेवलेच नाहीत. जाताना मुक्ताला पिशवी भरून दिली. दर शनिवारी देतात, आज जरा जास्त.

फार दिवसांनी घर भरलेलं वाटलं. आज सांगायला नको, असं माझंही झालं.

२ फेब्रुवारी

लिहायला हात वळत नाहीये.

वैशालीने सांगितलं, त्यांच्याकडे पोती ठेवायची सोय झाली, आणा. कॉलेज सुटल्यावर गच्चीवर गेले. टाकीखाली पोती रिकामी. झटकून, नीट घडी घालून, उडू नयेत म्हणून वर वीट ठेवलेली. आप्पांची घडी मला ओळखता येते.

पिंपांत हात घातला. वरचं खत काळंभोर, भुसभुशीत. त्यात नेच्याचे देठ अजून दिसत होते. काळपट, वायरसारखे.

आप्पा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुझं काम झालं असेल म्हणून घातला. दिवाळीच्या आधीच. वाया कशाला घालवायचा!"

मीच बोलले होते. बागकाम मंडळात, माइकवर, आप्पा पहिल्या रांगेत. वाळलेलं एक पानही घराबाहेर जाऊ देऊ नका. टाळ्या पडल्या होत्या. आप्पांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे वर्षभर येईल त्याला, सूनबाई म्हणते म्हणून, ऐकवायचे.

मी खाली आले, बाथरूमचा नळ सोडला आणि रडले.

३ फेब्रुवारी

सकाळी अविला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, आप्पांना मी सांगतो. आणि नेमकं त्याच्याने बोलवेना. शेवटी मीच सुरुवात केली.

सगळं सांगितलं. हौद, माती, नेचा कशासाठी लावला, पाल्यात काय साठतं, ते पाण्याबरोबर किती सहज सुटतं. भाजीचं. मुक्ताच्या पिशव्यांचं. हातांचं तेवढं राहिलं, ते त्यांनीच ओळखलं. तळवे उताणे करून मांडीवर ठेवले आणि बघत राहिले.

मला वाटलं होतं, चिडतील. त्यांचा राग मला माहीत आहे, तो परवडला असता.

"तुम्हा दोघांना कधीपासून माहीत होतं?"

अवि म्हणाला, वर्ष होऊन गेलं.

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुम्हाला त्रास होईल म्हणून, आप्पा."

"झाला नाही का आता?"

मग त्यांनी विचारलं, ईराने किती खाल्लं असेल? मी मनात शनिवार मोजू लागले. ते उठले, चप्पल घातली आणि गच्चीवर गेले. अवि मागे निघाला, मी थांबवलं.

घरात प्रत्येकजण दुसऱ्याला जपत होता, म्हणून एवढं झालं. एका शब्दाचं काम होतं. पोत्यावर चार अक्षरं लिहिली असती तरी पुरलं असतं.

४ फेब्रुवारी

आप्पांनी पिंपांतलं सगळं पीक उपटून पोत्यांत भरलं. हातमोजे घालून. मोजे माझे, त्यांच्या बोटांत बसेनात, तरी घातले.

मग बिल्डिंगमधल्या प्रत्येक दाराशी गेले. मी बरोबर येते म्हटलं, नको म्हणाले. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. सगळीकडे तेच. मी आपल्याला भाजी दिली होती, तिच्यात माझ्या चुकीने सोमल गेला, आपण डॉक्टरांना दाखवावं, तपासण्या मी करून आणीन. माझ्या चुकीने म्हणाले. माझं, अविचं नाव कुठेच नाही.

एकाने दार अर्धं उघडून ऐकलं आणि लावून घेतलं. देववहिनींनी पाणी विचारलं, आप्पांनी घेतलं नाही. त्यांच्या सासूबाई आतून ओरडल्या, "अहो, ब्याण्णव वर्षं झाली, आता सोमल मला काय करणार?" त्यावर आप्पा पहिल्यांदा जरा हसले. मग जिन्यातच कठड्याला धरून थोडा वेळ उभे राहिले.

६ फेब्रुवारी

मुक्ता आली. ईराला आणलं नाही. तिला मी फोनवर सांगितलं होतं, ऐकून तिने तो लगेच ठेवून दिला होता.

आज बोलली. मला, अविला, भरपूर. तुम्ही दोघं शिकलेले, तू तर याच विषयात, ऑफिसात अशी गोष्ट लपवली असती तर दुसऱ्या दिवशी काढून टाकलं असतं. मी ऐकून घेतलं. प्रत्येक शब्द बरोबर होता.

आजोबांशी मात्र बोलली नाही. ते खुर्चीत बसून होते. निघताना ते म्हणाले, बाळ. तिने चपलेचा पट्टा लावला आणि जिना उतरली. ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

१८ फेब्रुवारी

वैशालीने सगळं स्वतः केलं, सुट्टीच्या दिवशी जाऊन. भाजीत आहे, मेथीत आणि अळूत जास्त, घेवड्यात नावाला. बिल्डिंगमधल्यांच्या तपासण्यांत काळजीचं फारसं काही नाही, पण परत करायच्या. आप्पांच्या नखांत पुष्कळ. ते आत्ताचं नाही, शेडमधलं.

ईराच्या लघवीत आहे.

डॉक्टर म्हणतात, खाणं थांबलं की शरीर बाहेर टाकतं. घाबरू नका. काही महिन्यांनी पुन्हा बघू, तोवर वजन, त्वचा, जेवण यांवर लक्ष ठेवा. लहान मुलांचं नक्की असं कुणी लिहून देत नाही.

आप्पांना आधी आकडा सांगितला नाही. आहे, एवढंच सांगितलं. आता काहीही लपवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून मग आकडाही सांगितला.

११ मार्च

आप्पांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तळव्यावरचा एक दाणा कापून तपासायला पाठवला. निष्कर्ष: आत्ता कॅन्सर नाही, पण लक्ष ठेवायचं, दर काही महिन्यांनी यायचं. उन्हात हिंडू नका म्हणाले. आप्पांनी विचारलं, औषधाच्या हौदावर माझ्याबरोबर तिघं होते, त्यांना कुठे पाठवू? डॉक्टर म्हणाले, इथेच पाठवा.

घरी येऊन आप्पा फोन लावत बसले. एकजण वारलेला. कशाने, ते त्याच्या मुलाला नीट सांगता आलं नाही. दुसरा गावी, त्याला निरोप ठेवला. तिसऱ्याचा पत्ताच नाही. आप्पा उद्या टिंबर मार्केटात जाऊन विचारणार आहेत. उन्हात जाऊ नका म्हटलं. छत्री नेतो म्हणाले.

अक्षय्य तृतीया

भूमिपूजन नाही. मुक्ताने हिंजवडीजवळ फ्लॅट बुक केलाय, जावयाकडून कळलं.

आप्पा म्हणाले, तरी जाऊ या. अविने गाडी काढली. शेड बंद पडल्यानंतर आप्पा तिथे फारसे जायचेच नाहीत, आज कोपरा न् कोपरा हिंडून दाखवला. इथे फळ्या रचायचो, इथे औषध कालवायचो, काठीने नाहीतर हातानेच. जेवायला इथे बसायचो, हौदाच्या कठड्यावर, सावली असायची म्हणून.

नेचा उन्हाने मलूल, पण गड्ड्यातून नवे कोंब आलेत. आप्पा खाली वाकून बघत होते. कोंबाचं टोक वळलेलं असतं, बाळाच्या मुठीसारखं.

"याला त्रास होत नाही?"

म्हटलं, होतो बहुतेक. पण एका कोपऱ्यात टाकून बाकीचं झाड चालू ठेवतो.

"आणि पान कापल्यावर? ते कुठे जातं?"

हा प्रश्न मला परीक्षेत कुणी कधी विचारला नाही. जाळलं तर धुरात जातं, पुरलं तर मातीत, भिजलं तर पाण्यात. नाहीसं कुठेच होत नाही. कुठेतरी नीट बंद करून, त्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच. आप्पांना तसं सांगितलं.

"म्हणजे कुणीतरी सांभाळायचं."

हो म्हटलं.

त्यांनी हौदाच्या पलीकडची मोकळी जागा दाखवली. तिकडे का नाही लावलास? तिकडे तर आम्ही हौद धुऊन पाणी ओतायचो. मला माहीतच नव्हतं. वर्षभर मी अंदाजाने नमुने घेत होते आणि ज्याला जागा पाठ होती तो माणूस घरात बसून होता.

२१ जून

पलीकडची जागा लावून झाली. आप्पा खुर्ची टाकून बसले होते, रोप कुठे लावायचं ते छत्रीने दाखवत. अवि खणत होता. बाप-लेक एकमेकांशी कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा धड बोलले, तेही खड्डा किती खोल यावरून वाद घालायला.

माती साफ झालेली आप्पा बघणार नाहीत. मीही नाही, असं वाटतं. ईरा कदाचित.

१७ जुलै

गच्चीवरची पिंपं ताडपत्रीखाली आहेत. ती माती कुठे न्यायची ते अजून ठरत नाही. टाकीखालच्या ओल्या विटांवर आज एवढासा नेचा दिसला. पोती ठेवली होती तिथेच, पानांमागची बीजाणूंची पूड सांडून उगवला असणार. मी उपटायला वाकले. आप्पा म्हणाले, राहू दे, त्याच्याकडे माझं लक्ष आहे.

३ ऑगस्ट

प्रयोगशाळेची सोय रद्द झाली. फेब्रुवारीत उपटलेलं पीक भरलेली आमची पोती वैशालीच्या वरच्यांना नकोत. धोकादायक कचरा घेणाऱ्यांना वैशालीने विचारलंय, पाठपुरावा करते म्हणाली. तोवर आमच्याकडेच. अविने लोखंडी पेटी आणली, कुलपाची. गच्चीला ऊन-पाऊस, म्हणून ती घरातच, आप्पांच्या खोलीत, त्यांच्या हट्टाने.

पोती पेटीत भरताना आप्पांनी माझ्याकडून जाड पेन घेतलं. शेडमध्ये ते फळ्यांवर ग्राहकाचं नाव घालायचे, ते वळण अजून आहे. प्रत्येक पोत्यावर लिहिलं: सोमल आहे. हात लावू नये. खाली स्वतःचं पूर्ण नाव, आणि नारायण पेठ, पुणे.

मी म्हटलं, नाव कशाला?

"विचारायला आलं तर कुणाला विचारतील?"

५ ऑगस्ट

ईराची दुसरी तपासणी झाली. मुक्ता आज घरी कळवणार आहे, जावयाने सांगितलंय, तीच फोन करेल. फेब्रुवारीपासून तिने या घरात फोन केलेला नाही.

आप्पा सकाळपासून फोनजवळच्या खुर्चीत आहेत. पेपर हातात, पण पान उलटलेलं नाही. दुपारी जेवायला बोलावलं तर म्हणाले, इथेच दे. ताट दिलं. तेवढ्यात वाजला म्हणून मी धावले, तर देववहिनी, चकलीची भाजणी विचारायला.

आप्पांनी ताट खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "पुढचा मी घेईन. काहीही असलं तरी मलाच सांगू दे तिला."

आता साडेचार. मी आतल्या खोलीत लिहीत बसले आहे. फोन वाजतोय, आप्पा उठलेत.